शंभराचे पासष्ट

आमच्या सांगलीच्या घरात पुढच्या खोलीत वडिलांचं छपाईचं यंत्र होतं आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. घर चालायचं ते लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांवर. पत्रकं वडील हौसेनं छापायचे, बहुतेक वेळा उधारीवर, आणि पुष्कळदा मजकूरही स्वतःच लिहायचे. पिवळ्या, गुलाबी पातळ कागदावरची ती पत्रकं पाणीपट्टीविरुद्ध असत, हमालांच्या मजुरीसाठी असत, मुलींच्या वसतिगृहासाठी असत. त्यांच्या घड्या घालायचं काम माझ्याकडे होतं. घडी घालता घालता मी वाचायला शिकले.

पत्रकांत देण्याघेण्याचा मामला सरळ असे. कुणीतरी कुणाचे तरी शंभर रुपये अडवून ठेवलेले असत आणि ते शंभरच्या शंभर परत हवे असत. शून्य आणि शंभर यांच्यामध्ये तिसरा आकडा नसे. असला तर ती गद्दारी.

त्यामुळे कॉमर्स शिकून, सीएची अर्धी परीक्षा पास होऊन मी साताऱ्यात एका मूल्यांकन करणाऱ्यांच्या ऑफिसात लागले आणि पहिल्याच महिन्यात सरांनी सांगितलं की कंपनीचं शंभर रुपयांचं देणं पासष्ट रुपयांचं असू शकतं, तेव्हा मला वाटलं ते माझी परीक्षा घेताहेत.

सर वाईचे. आधी बँकेत होते. निवृत्तीनंतर परवाना काढून हे ऑफिस थाटलं. रोज वाईहून एसटीनं यायचे आणि डबा खाताना सुद्धा आकड्यांवरच बोलायचे. आवाज कधी चढायचा नाही. मी चिडले की ते चष्मा पुसत बसायचे.

आमच्याकडे तेव्हा एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं काम होतं. लोखंडाचे ओतीव भाग करणारा कारखाना. मालकाला तो विकायचा होता आणि पुण्याची एक मंडळी घ्यायला तयार होती. कारखाना घ्यायचा म्हणजे त्याच्या भट्ट्या आणि शेड घ्यायच्या, तशीच त्याची देणीही घ्यायची. बँकेचं कर्ज, यंत्राचे हप्ते आणि सगळ्यात शेवटी, यादीच्या तळाशी, ‘कामगारांच्या चिठ्ठ्या’.

या चिठ्ठ्यांची गोष्ट अशी. काही वर्षांपूर्वी युनियन आणि मालक यांच्यात पगारवाढीचा करार झाला. मागच्या वर्षांची थकलेली रक्कम कामगारांना द्यायची ठरली, पण कारखान्याकडे एकदम एवढे पैसे नव्हते. म्हणून निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या रकमेची एक छापील चिठ्ठी मिळाली: वर्षाला चार टक्के व्याज, आणि मुद्दल नंतर. कारखान्यानं आम्हाला दिलेल्या यादीत प्रत्येक नावापुढे ‘मुदत अजून पाच वर्षे’ असं लिहिलं होतं. पुण्याच्या मंडळींचं म्हणणं होतं की या जुन्या कामगारांना आताच रोख देऊन मोकळं करू. मात्र शंभर नाही. मूल्यांकन करणारे जो आकडा काढतील तो. तो आकडा काढायचं काम माझ्याकडे आलं.

“देणं मोजायचं असेल,” सर म्हणाले, “तर देणाऱ्याच्या खुर्चीतून उठायचं आणि घेणाऱ्याच्या खुर्चीत बसायचं. समज, ती चिठ्ठी तुझ्या हातात आहे. पाच वर्षांनी शंभर मिळणार, तोवर वर्षाला चार. तुला ती आज विकायची आहे. समोरचा काय देईल?”

“तो विचारेल, देणार कोण आहे?”

“झालं. तोच आपला धंदा.”

आकडा काढायची रीत मला आवडली, हे कबूल करते. पुढे येणारी प्रत्येक रक्कम उचलायची, ती यायला किती वर्षं आहेत ते बघायचं आणि तेवढी वर्षं तिला मागे चालवत आणायचं. मागे येताना ती दर वर्षाला थोडी झिजते. किती झिजायची ते दरावर ठरतं, आणि दर ठरतो देणाऱ्याची पत किती आहे त्यावर. धडधाकट कंपनीची रक्कम कमी झिजते, लंगड्या कंपनीची जास्त. दहा टक्क्यांनी मागे आणलं तर शंभराची ती चिठ्ठी सत्याहत्तरला येत होती. पण आमच्या कारखान्यानं मागच्या वर्षी बँकेचे हप्ते चुकवले होते आणि त्याची पत घसरली होती. सरांनी बाजारातल्या तशाच कंपन्यांचे दर बघून चौदा टक्के ठरवला. उत्तर आलं पासष्ट आणि वर थोडे पैसे.

मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत बसले.

“सर, म्हणजे कारखान्यानं बँकेचे हप्ते बुडवले, म्हणून कामगारांचं देणं बारा रुपयांनी कमी झालं?”

“किंमत कमी झाली. देणं शंभरच आहे.”

“पण ताळेबंदात हे बारा रुपये कारखान्याचा फायदा म्हणून दिसणार.”

“रास्त मूल्यानं, म्हणजे आज बाजारात जी किंमत येईल तिनं मोजलं तर दिसतील.”

“म्हणजे जेवढी पत वाईट तेवढा फायदा जास्त.”

सरांनी चष्मा काढला. “नियम करणाऱ्यांनाही ते बघून लाज वाटली असावी. म्हणून असा फायदा नेहमीच्या नफ्यातोट्यात धरू देत नाहीत. बाजूला, वेगळ्या ओळीत ठेवायला लावतात.”

त्या वेगळ्या ओळीचं मला फार कुतूहल वाटलं. मी जन्मभर वाचलेल्या पत्रकांत मालकाला लाज वाटल्याचं कधी आलं नव्हतं. इथे नियमाच्या पुस्तकात लाजेसाठी चक्क एक रकाना होता.

आकडा पक्का करण्याआधी आम्ही यादीतल्या प्रत्येकाला पत्र पाठवलं: तुमची येणे रक्कम इतकी आहे, बरोबर असल्यास सही करून परत पाठवा. बहुतेकांची पत्रं टपालानं आली. एक जण स्वतः आला.

पाटणच्या पलीकडच्या गावाहून दोन एसट्या बदलून आलेला सत्तरीकडे झुकलेला माणूस. ताठ, दाढी घोटलेली, शर्टाची वरची गुंडी लावलेली. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यानं कारखान्याच्या स्टोअरमध्ये अठरा वर्षं काम केलं होतं. आमच्याकडं फौजेतून आलेल्या माणसाला हुद्दा न विचारता मेजर म्हणतात. आम्हीही त्यांना मेजरच म्हणू लागलो.

“टपालानं पाठवायचं की, मेजर,” मी म्हणाले. “एवढ्या लांब कशाला आलात?”

“मॅडम, मी स्टोअर सांभाळलंय. हातात दिल्याबिगर आन् पोच घेतल्याबिगर माल हालत न्हाई.”

त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून चिठ्ठी काढली. चार लाखांची. मी नाव आणि रक्कम यादीशी ताडून पाहिली, चिठ्ठीच्या पुढच्या बाजूची झेरॉक्स काढली आणि पत्रावर पोचेचा शिक्का मारून दिला. शिक्का सरळ बसलाय का ते त्यांनी उजेडाकडे धरून पाहिलं.

मग चहा पिता पिता, मी काही विचारलं नसताना, त्यांनी सांगितलं की या चारातले तीन लाख बहिणीचे आहेत.

वडील गेल्यावर बहिणीनं हक्कसोड केली होती. आमच्या भागात हे एवढं नेहमीचं आहे की त्याला कुणी प्रसंगसुद्धा म्हणत नाही. भाऊ गाडी करून बहिणीला तालुक्याला नेतो, ती जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही करते, परत येताना साडी घेतली जाते आणि हॉटेलात सगळे मिसळ खातात. मेजरांच्या बहिणीनंही सही केली, साडी घेतली. पण मेजरांनी घरी येऊन तिच्या हिश्श्याची त्या वेळच्या भावानं किंमत काढली. तीन लाख. ती वहीत लिहून ठेवली आणि तिला सांगितलं, हे मी तुला देणं लागतो.

“तिनं मागितले?” मी विचारलं.

“ती मागणारी असती तर तिनं सहीच केली नसती की.”

“मग तुम्ही का लिहून ठेवलंत?”

“माल तिचा हुता. रजिस्टरला नोंद नगो?”

घरबांधणी झाली, पोरांची शिक्षणं झाली, ते तीन लाख काही निघाले नाहीत. आता कारखान्याची चिठ्ठी सुटली की पहिले ते द्यायचे, एवढंच त्यांना उरलं होतं. बहीणही साठी ओलांडलेली. “दोघांतलं कोन आधी जाईल सांगता येत न्हाई,” ते हवामानावर बोलावं तसं म्हणाले.

ते गेल्यावर मी कागदावर चार लाख लिहिले आणि त्याचे पासष्ट टक्के काढले. दोन लाख साठ हजार. बहिणीच्या तीन लाखांना चाळीस हजार कमी पडत होते.

त्या शनिवारी मी सांगलीला गेले. वडिलांना नावगाव न सांगता सगळा प्रकार सांगितला. त्यांनी कंपोझ करत असलेली पत्रिका बाजूला सारली आणि म्हणाले, “यात मूल्यांकन कसलं आलंय? लूट आहे. मजकूर दे, मी उद्या छापतो.”

“कुणाविरुद्ध छापणार? आकडा मीच काढलाय.”

“मग तुझ्याविरुद्ध छापतो.” ते हसले नाहीत. मग थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, “तो दर चौदाच का? तेरा का नाही?” आणि आम्ही जेवणं थंड होईपर्यंत दरावर भांडत बसलो. नियमावर ते चिडले होते, पण त्यांना तो कळूनही घ्यायचा होता. तो गुण माझ्यात त्यांच्याकडूनच आला असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांकडे गेले. मामा हळदीच्या एका अडत दुकानात चाळीस वर्षं दिवाणजी. बोटांच्या पेरांत हळद कायमची बसलेली. मी त्यांना विचारलं, जो माल आज हातात घेता येत नाही त्याची किंमत तुम्ही कशी करता?

“पेवातल्या मालाची करायचो तशी,” ते म्हणाले.

हरिपूरच्या बाजूला जमिनीत खोल पेवं होती. त्यांत हळद भरून तोंड मातीनं लिंपून टाकायचे. मालक पेव न उघडता आतला माल विकायचा, घेणारा तो पुढे तिसऱ्याला विकायचा. हळद जमिनीखालीच, हात मात्र पाच बदललेले. महापुरानं त्यातली बरीचशी पेवं गेली, पण मामांना तो व्यवहार तोंडपाठ होता.

“मग घेणारा काय विचारायचा? हळद कशी आहे?”

“ते सगळेच विचारतात. चांगला घेणारा तीन गोष्टी विचारायचा. पेव कुणाचं, नदी किती लांब, आणि उघडायचं कुणाच्या मर्जीनं.”

“म्हणजे?”

“मी म्हणेन तेव्हा उघडणार, का तो म्हणेल तेव्हा? तो म्हणेल तेव्हा असेल तर भाव पडला. माझ्या मर्जीनं असेल तर माल पेवात काय आणि दुकानात काय, सारखंच की गं.”

मला ते बोलणं गमतीचं वाटलं. साताऱ्याला परतताना एसटीत मी ते वहीत लिहूनही घेतलं. लिहिलं, आणि तरीही काही डोक्यात शिरलं नाही.

पुढच्या बुधवारी मेजर पुन्हा आले. कारखान्यातून कुणीतरी आकडा बाहेर फोडला होता आणि पुण्याच्या मंडळींनी संमतीपत्रंही वाटली होती. शंभराला पासष्ट, महिनाअखेर सही. मेजरांच्या पिशवीत चिठ्ठीसोबत ते संमतीपत्र होतं.

“तुमी काढलाय म्हनं आकडा.”

“हो,” मी म्हणाले.

“बराबर हाय का?”

“गणित बरोबर आहे.”

“मग ठीक हाय. करतो सही.” त्यांनी पेन काढलं. “चाळीस कुठनं तरी बघावं लागतील. म्हस हाय एक.”

सर आतल्या टेबलावर होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही. आम्ही मूल्यांकन करणारे. कुणी सही करावी की नाही हे सांगणं आमचं काम नव्हतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, “पाच वर्षं थांबलात तर पूर्ण मिळतील, मेजर. कारखाना टिकला तर.”

“पाच वर्सं कशाची?”

“मुदत. चिठ्ठीची.”

“आवं, मुदत तेंच्यासाठी. त्यापरीस जास्त दिस तेंनी ठेवायचं न्हाई. आमाला पायजे तवा मागता येतंय. मागायचं असतं तर कवाच मागितलं असतं.”

“मागता येतं?”

“व्हय की. मागं लिवलंय.”

मी चिठ्ठी पालटली. मागे बारीक टायपात सहा ओळी होत्या. चौथी ओळ अशी की, कामगाराने लेखी मागणी केल्यास मागणीच्या दिनांकापासून तीस दिवसांत संपूर्ण किंवा अंशतः मुद्दल परत करण्यात येईल.

पत्रकांच्या घरातली मुलगी मी. मागच्या बाजूला छापलेलं वाचायचं असतं हे मला सांगायला हवं होतं का? पण पहिल्या दिवशी मी फक्त पुढची बाजू पाहिली होती, कारण यादीत मुदत लिहिलेली होती आणि यादी संगणकावर टाइप केलेली होती.

“कुणीच मागितलं नाही?” मी विचारलं. “इतक्या वर्षांत?”

“न्हाई.”

“का?”

मेजरांनी जरा अवघडून खुर्ची मागं सारली. “कसं हाय पोरी, तिथं आमी भाकरी खाल्ली. पहिला कोन मागायला जाणार? गेटावर समदी बगणार, ह्यो आला मागायला. मालकाचा भरवसा न्हाई म्हनून आला. एकानं मागितलं की दुसरा मागणार, मग तिसरा. म्हनून आमच्यात कुणी मागतच न्हाई. मागायचं न्हाई ह्ये ठरल्यालंच हाय.”

“कुणी ठरवलं?”

“कुणी न्हाई. ठरल्यालंच हाय.”

त्या दिवशी त्यांनी सही केली नाही. मी त्यांना करू नका असं म्हणाले नाही. एवढंच म्हणाले की मला एक गोष्ट पुन्हा तपासायची आहे, महिनाअखेरला अजून दिवस आहेत. त्यांनी पेन खिशाला लावलं.

सरांनी मागची बाजू दोनदा वाचली. मग कपाटातून नियमाचं पुस्तक काढलं आणि बोट ठेवून दाखवलं. अर्थ असा: जे देणं मागितल्यावर द्यावंच लागतं, त्याचं रास्त मूल्य मागितल्यावर द्याव्या लागणाऱ्या रकमेपेक्षा खाली जात नाही. फार तर मागणी आणि पैसे देणं यांच्यातल्या दिवसांपुरती सूट. तीस दिवसांची सूट काढली तर शंभराचे नव्याण्णव होत होते.

आणि इथे मी, जी आठवडाभर पासष्टावर चिडलेली होते, तीच वाद घालायला लागले. मला ते खरंच कळून घ्यायचं होतं. “पण सर, प्रत्यक्षात कुणी मागतच नाही. आपण लोक कसे वागतात ते बघून मोजतो ना? हे लोक पाच वर्षं मागणार नाहीत हे जवळजवळ नक्की आहे. मग पाच वर्षांचं धरणं चूक कसं?”

“तुझ्या आईचं बचत खातं आहे?”

“आहे.”

“किती वर्षं हात लावला नाही?”

“पुष्कळ.”

“म्हणून बँक म्हणते का, काकू, तुम्ही मागत नाही, तेव्हा तुमचे शंभर आता आमच्या लेखी ऐंशी?” सरांनी पुस्तक मिटलं. “माणूस मागत नाही हा त्याचा चांगुलपणा. तो आपण देणाऱ्याच्या खात्यात कमाई म्हणून घालायचा नाही.”

हे वाक्य पत्रकात शोभलं असतं. मी तसं म्हणाले. सर म्हणाले, “आणि एक लक्षात ठेव. तुला मेजरांचं वाईट वाटतं म्हणून आकडा बदलायचा नाही. कागदात आहे म्हणून बदलायचा. उद्या कागद उलटा असेल तर उलटा बदलावा लागेल.”

“बदलेन,” मी म्हणाले. तेव्हा मला स्वतःची पूर्ण खात्री नव्हती. अजूनही नाही.

एका चिठ्ठीवरून सगळ्यांचं ठरवता येत नाही. दोन दिवस मी कारखान्याच्या गेटाशेजारच्या टाइमकीपरच्या खोलीत बसले आणि जुन्या कामगारांना मूळ चिठ्ठ्या घेऊन बोलावलं. बहुतेक आले. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे त्याच सहा ओळी. यादी ज्यानं केली होती त्यानंही माझ्यासारखीच फक्त पुढची बाजू पाहिली होती.

तिथे बसल्या बसल्या दुसरा विचार मला टोचत होता. आत भट्टीवर पाळी चालू होती. कारखान्याच्या खात्यात एवढ्या सगळ्या चिठ्ठ्यांपुरते पैसे नव्हते, फार तर तिसरा हिस्सा निघाला असता. प्रत्येक चिठ्ठी नव्याण्णवची, हे खरं. पण सगळ्यांनी एकाच दिवशी मागितलं, तर एकाचीही तेवढ्याची राहणार नाही, आणि आतली पाळीही थांबणार. मेजर ज्याला ‘ठरल्यालंच हाय’ म्हणाले होते, त्यावर हा कारखाना भट्टीइतकाच उभा होता. त्याला ताळेबंदात ओळ नव्हती. तेव्हापासून प्रत्येक ताळेबंद हातात आला की मी ती न छापलेली ओळ शोधते.

अहवाल नव्याण्णवचा गेला. पुण्याच्या मंडळींनी सरांशी फोनवर तासभर वाद घातला. सरांनी त्यांना तासभर चौथी ओळ वाचून दाखवली. शेवटी त्यांनी संमतीपत्रं मागे घेतली आणि पासष्ट आणि नव्याण्णव यांच्यातला फरक मालकाला द्यायच्या किमतीतून कापला. कारखाना विकला गेला. चिठ्ठ्या होत्या तशाच राहिल्या. आता कुणी आपणहून पैसे देणार नव्हतं. ज्याला हवे त्यानं मागायचे.

म्हणजे मेजरांनाच पहिलं व्हावं लागणार होतं.

दोन आठवडे काही कळलं नाही. मग एक दिवस त्यांनी ऑफिसात फोन केला. अर्ज दिला होता. फौजेत रजेचा अर्ज करतात तसा, ‘सविनय सादर’ करून, आणि त्यात कारणही लिहिलं होतं, जे कुणी विचारलं नव्हतं: बहिणीचे देणे आहे. मागितले होते फक्त तीन लाख. चौथा ठेवला होता.

“चारही का नाही मागितले?” मी विचारलं.

“लागतंय तेवढं मागितलं. समदं उचललं की समद्यांनी उचललं.”

“गेटावर कुणी काही बोललं?”

“बोलली की. ‘मेजर, म्हातारपणी पगार सुरू केला काय?’ म्हनं. बोलू द्यात. धा दिसानं त्यातलाच एक जन माझ्या अर्जाची नक्कल मागायला आला. म्हटलं, कारन तुझं तू घाल. माझी भन घालू नगंस.”

तिसाव्या दिवशी पैसे खात्यात आले. मेजरांनी मला गावी बोलावलं, साक्षीदार म्हणून. तीन लाख बहिणीच्या हाती द्यायचे होते आणि त्याची पोच घ्यायची होती. सर म्हणाले, आता आपलं काम संपलेलं आहे, तू सुट्टीच्या दिवशी कुठं जातेस हा तुझा प्रश्न.

रविवारी दुपारी पोहोचले तर बहीण आधीच येऊन बसली होती. भावासारखीच ताठ, पायांत रबरी चपला, हातात कापडी पिशवी. मेजरांच्या पत्नीनं आम्हाला पोहे दिले. मेजरांनी धनादेश आणि एक लिहून आणलेली पोच पाटावर ठेवली. पोचेवर रेव्हेन्यू तिकीटसुद्धा लावलं होतं.

बहिणीनं धनादेश घडी करून पिशवीत टाकला. पोच तशीच ठेवली.

“सही कर की,” मेजर म्हणाले.

“न्हाई करत. मागच्या बारीला सही केली तवा काय झालं बगितलं की. साडी मिळाली.”

“आगं, ही पैसं मिळाल्याची हाय.”

“मिळालं की. पोरगी बगतीया. ती हाय की साक्षीला.” मग ती माझ्याकडे वळली. “तूच न्हवं कारखान्याचं हिशेब काढनारी? दादा सांगत हुता. मग सांग मला, ह्ये तीन लाख कवाच्या भावानं?”

“तुम्ही सही केलीत तेव्हाच्या,” मी म्हणाले.

“आन् दिलं कवा?”

“आज.”

“मग आजचा भाव काय?”

मेजर पाटाकडे बघत होते. मी खरं तेच सांगितलं. कायद्यानं विचाराल तर शून्य. हक्क सोडल्याचा कागद झाला, तिथं काही मागता येत नाही. जमिनीच्या आजच्या भावानं विचाराल तर तिनाच्या कितीतरी पट. आणि मेजरांनी तोंडानं जो शब्द दिला त्याची किंमत विचाराल तर मला ती काढता येत नाही, कारण त्यात मुदत लिहिलेली नाही, व्याज लिहिलेलं नाही, आणि तुम्ही कधीही मागितलेलं नाही.

“मी मागितलं न्हाई म्हनून कमी व्हतं का?”

“नाही,” मी म्हणाले. हे मात्र मला पक्कं माहीत होतं.

ती भावाकडे वळली आणि म्हणाली, “जमिनीच्या भावानं तुझ्याकडं न्हाई, ठावं हाय मला. आन् जमीन मला नगो. पर कारखान्यात अजून एक लाख हाय म्हनं तुझा.”

“हाय.”

“त्यो माझ्या नावावर कर. काढू नगंस. व्याज येतंय, येऊ दे. मागायचं तवा मी मागीन. मला काय लाज न्हाई तुमच्यागत.”

मेजर हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. वरचे दोन दात नव्हते. आत जाऊन त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी आणली, चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. तिच्यावर तीन लाख परत केल्याची लाल शाईतली नोंद होती.

“करता येतं का तसं?” त्यांनी विचारलं. “दुसऱ्याच्या नावावर?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. “वाचावं लागेल.”

“मग वाच की,” बहीण म्हणाली आणि पाय दुमडून नीट बसली. “माझी एसटी पाच वाजता हाय.”